पिवळे तेल, कडू काढा आणि मऊ पाणी

1952 च्या आधी त्वचारोगतज्ज्ञांच्या कपाटात इसबासाठी फारसे काही नसे. डांबराचे मलम, जस्ताचा लेप, कॅलामाइन, ओल्या पट्ट्या, आणि रुग्णाला द्यायला धीर. कोपराच्या घडीत, गुडघ्याच्या लवणीत, मानेच्या वळ्यांत खाजवून खाजवून रक्त काढणाऱ्या लेकराला रात्री झोप कशी लागावी, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

चार वर्षांपूर्वी, 1948 च्या सप्टेंबरात, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेन्च यांनी संधिवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोनची इंजेक्शने दिली होती आणि ती काही दिवसांत चालू लागली होती. हेन्च, केन्डल आणि राइखस्टाइन यांना 1950 चे नोबेल मिळाले. साहजिकच हेच द्रव्य मलमात घालून कातडीवर लावण्याची कल्पना अनेकांना सुचली. पण कॉर्टिसोन नुसते चोळून काही होईना. पोटातून किंवा इंजेक्शनातून गेलेले कॉर्टिसोन यकृतात पोचून कामाच्या रूपात बदलते. कातडीला ते काम नीट जमत नाही. न्यूयॉर्कच्या मॅरियन सुल्झबर्गर आणि व्हिक्टर विटन यांनी मग ते तयार रूपच वापरले. तेव्हा त्याला ‘कंपाउंड एफ’ म्हणत, आज आपण हायड्रोकॉर्टिसोन म्हणतो. हे तेच सुल्झबर्गर, ज्यांनी फ्रेड वाइज यांच्यासोबत 1933 मध्ये या आजाराला ‘अॅटॉपिक डर्मटायटिस’ हे आजचे वैद्यकीय नाव दिले होते.

त्यांच्या 1952 च्या निबंधात मला औषधाइतकीच पद्धत महत्त्वाची वाटते. शरीराच्या एका बाजूला कंपाउंड एफचे मलम, दुसऱ्या बाजूला तेच मलम पण औषध न घातलेले. रुग्ण एकच, ऋतू एकच, खाणेपिणे एकच. एक हात निवळला आणि दुसरा तसाच राहिला, तर श्रेय कोणाचे यावर वाद घालायला जागा उरत नाही.

या आजारात तो वाद नेहमी उरतो. इसब आपल्या मर्जीने उचल खाते आणि आपल्या मर्जीने ओसरते. माणूस डॉक्टरकडे, वैद्याकडे किंवा शेजारणीने सांगितलेल्या पत्त्यावर जातो तो खाज अगदी असह्य झाली की. तिथून पुढे बहुतेकदा उतारच पडायचा असतो, काहीही केले तरी. म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते आणि कावळ्याचे नाव होते. पुढची साठ-सत्तर वर्षे इसबाच्या संशोधकांची निम्मी ताकद या फुकटच्या श्रेयाशी झगडण्यात गेली. त्या झगड्याचे रणांगण प्रामुख्याने ब्रिटन होते.

हायड्रोकॉर्टिसोनमागोमाग त्याच स्टिरॉइड जातीची पण त्याहून कितीतरी जालीम मलमे आली. 1960 च्या दशकात बीटामेथासोन, 1970 च्या दशकात क्लोबेटासोल. गुण झटपट यायचा, म्हणून ती सढळ हाताने लावली गेली. मग पातळ झालेली त्वचा, उमटलेल्या रक्तवाहिन्या, कायमच्या रेघा दिसू लागल्या आणि ‘स्टिरॉइड’ या शब्दाचीच धास्ती बसली. नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी 2000 साली 200 रुग्णांना विचारले, तेव्हा 72.5 टक्क्यांनी या मलमांची भीती वाटते असे सांगितले, आणि 24 टक्क्यांनी त्या भीतीपोटी औषध नीट लावत नसल्याचे कबूल केले. आपल्याकडे गंमत उलटी होती. इथे क्लोबेटासोल, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकाच ट्यूबमध्ये कोंबून चिठ्ठीशिवाय विकले जात होते. नायटा असो, इसब असो की चेहरा उजळायची हौस, सगळ्यांवर तीच ट्यूब. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशा अनेक स्टिरॉइड मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीची अट लावली, तीही त्वचारोगतज्ज्ञांनी पुष्कळ आरडाओरडा केल्यावर. भीती आणि बेफिकिरी, दोन्ही एकाच औषधाच्या वाट्याला आल्या.

ब्रिटनमध्ये मात्र धास्तीचे पारडे जड होते, आणि त्यामुळे ‘नैसर्गिक’ म्हणून जे काही येईल त्याला भाव आला. सगळ्यात मोठा भाव आला तो एका फुलाच्या तेलाला.

ईव्हनिंग प्रिमरोज ही मूळची अमेरिकेतली वनस्पती, संध्याकाळी उमलणाऱ्या पिवळ्या फुलांची. तिच्या बियांच्या तेलात गॅमा-लिनोलेनिक आम्ल असते. सिद्धान्त असा, की इसबाच्या रुग्णांच्या शरीरात साध्या लिनोलेइक आम्लापासून हे आम्ल तयार करणारे विकर मंद असते. मग ते आयतेच पोटातून दिले तर काम भागेल. कागदावर हे इतके नीटस दिसते की विश्वास बसावा. त्यामागचा सर्वांत उत्साही माणूस डेव्हिड हॉरोबिन. ऑक्सफर्डचा विद्वान, नैरोबी ते माँट्रियल अशी अध्यापनाची फिरस्ती केलेला, आणि नव्या तर्कांना पुराव्याआधीच जागा मिळावी म्हणून 1975 मध्ये ‘मेडिकल हायपॉथेसिस’ हे नियतकालिक सुरू करणारा. विज्ञानात अशी माणसे लागतात. पण हॉरोबिन तर्क मांडून थांबले नाहीत, त्यांनी तेलाची कंपनीही काढली. एका हातात सिद्धान्त आणि दुसऱ्या हातात बाटली, ही जोडी कोणालाही अवघड जाते.

1982 मध्ये ब्रिस्टलच्या राइट आणि बर्टन यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. 99 रुग्ण, तेलाच्या कॅप्सूल आणि दिसायला तशाच पण तेल नसलेल्या कॅप्सूल. निष्कर्ष : तेलाने फरक पडतो. इंग्लंडात एकच हलकल्लोळ झाला. तीनच वर्षांत अमेरिकेत बॅमफर्ड यांनी अशीच चाचणी घेतली आणि त्यांना काहीच फरक दिसला नाही. पण ‘होय’ला जितके पाय असतात तितके ‘नाही’ला नसतात. कंपनीच्या पाठबळावर झालेल्या चाचण्यांचे आकडे एकत्र करून 1989 मध्ये पुन्हा तेलाच्या बाजूने कौल दिला गेला. तोवर हे तेल ‘एपोगॅम’ या नावाने इसबाचे औषध म्हणून बाजारात आले होते, म्हणजे ब्रिटिश डॉक्टर ते सरकारी खर्चाने लिहून देऊ शकत होते.

1993 मध्ये लेस्टरच्या बर्थ-जोन्स आणि ग्रॅहॅम-ब्राउन यांनी 123 रुग्णांवर चाचणी घेतली. कंपनीच्या पैशांशी संबंध नसलेली, पुरेशी मोठी, 16 आठवड्यांची. तेल आणि बिनतेल यांत फरक नाही. याच दशकात आरोग्य खात्यासाठी नॉटिंगहॅमच्या हायवेल विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी 20 चाचण्यांची मूळ आकडेवारी एकत्र तपासली. त्यांतल्या 10 कधी छापल्याच गेल्या नव्हत्या. तेलाच्या बाजूने काही निघाले नाही, आणि तो अहवालही प्रसिद्ध झाला नाही. ज्या देशात नियतकालिकांचा एवढा पसारा, तिथे अर्ध्या चाचण्या कपाटात राहाव्यात आणि त्या बाहेर काढणारा कागदही कपाटातच जावा, हे वाचताना अजूनही हात थबकतो.

तेल विकले जात राहिले. परवाना रद्द झाला 2002 मध्ये, म्हणजे लेस्टरच्या चाचणीनंतर 9 वर्षांनी. हॉरोबिन यांचे 2003 च्या एप्रिलमध्ये निधन झाले तेव्हा ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या मृत्युलेखात, हा माणूस आपल्या काळातला सर्वांत मोठा भोंदू औषधविक्रेता ठरू शकेल, अशा आशयाचे विधान होते. त्यावर निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला. मेलेल्या माणसाचे असे माप काढू नये, असे पुष्कळांना वाटले. मलाही ते जरा जास्तच वाटते, कारण हॉरोबिन यांचा आपल्या तेलावर मनापासून विश्वास होता असेच त्यांच्या आयुष्यावरून दिसते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याच नियतकालिकात बोराज तेलाची चाचणी छापली गेली. या तेलात गॅमा-लिनोलेनिक आम्ल प्रिमरोजच्या दुपटीहून अधिक असते. तरीही गुण शून्य. सोबत विल्यम्स यांचे संपादकीय होते आणि शीर्षकात फुलाच्या नावावर कोटी होती : संध्याकाळ सरली, आता शुभरात्री म्हणावे. 2013 मध्ये झालेल्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्यात 27 चाचण्यांची मोजदाद झाली आणि उत्तर तेच आले.

दुसरी गोष्ट लंडनच्या चायनाटाउनमधली. ऐंशीच्या दशकात ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या मुलांच्या रुग्णालयात डेव्हिड अॅथर्टन यांच्याकडे येणाऱ्या काही मुलांची कातडी अचानक सुधारलेली दिसू लागली. चौकशी केली तर आया-बाप सांगत, आम्ही लुओ डॉक्टरीणबाईंकडे जातो. डिंग-हुई लुओ या चिनी पद्धतीने इसबावर उपचार करत. त्या प्रत्येकाला निराळ्या वनस्पती देत. घरी नेऊन रोज उकळायच्या आणि काढा प्यायचा.

अॅथर्टन यांनी नाक मुरडले नाही, ही त्यांची थोरवी. त्यांनी आणि मेरी शीहन यांनी कोरड्या, सर्वांगावर पसरलेल्या इसबासाठी एक ठरावीक 10 वनस्पतींचे मिश्रण निश्चित करून घेतले. आता खोटे औषध कसले द्यायचे? गोळी असती तर सोपे होते. काढ्याला वास असतो, रंग असतो, चव असते. मग इसबावर काही परिणाम नसावा अशा वनस्पती निवडून तितकाच कडवट, तसाच वास येणारा दुसरा काढा तयार केला गेला. 47 मुलांना दोन्ही काढे आळीपाळीने, प्रत्येकी 8 आठवडे, मध्ये 4 आठवड्यांचा खंड. 37 मुलांनी चाचणी पुरी केली. बाकीच्यांची गाडी बहुधा त्या चवीपाशी अडली असावी. 1992 मध्ये निकाल छापला गेला : खऱ्या काढ्याने लाली मधल्या मापाने 51 टक्क्यांनी उतरली, खोट्याने 6.1 टक्क्यांनी. प्रौढांवर रॉयल फ्री रुग्णालयात घेतलेली चाचणी त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये आली. तीही काढ्याच्या बाजूने.

एवढा मोठा फरक इसबात क्वचित दिसतो. एका ब्रिटिश कंपनीने हे मिश्रण ‘झेमाफाइट’ नावाने बाजारात आणायचे ठरवले. पण पुढच्या वर्षभराच्या पाठपुराव्यात दोन मुलांच्या यकृताच्या तपासण्या बिघडलेल्या निघाल्या, बरेच जण काढा सोडून गेले, आणि 1999 मध्ये हाँगकाँगमध्ये, म्हणजे चिनी औषधाच्या माहेरीच, घेतलेल्या चाचणीत तेच मिश्रण आणि खोटा काढा यांत लक्षणीय फरक सापडला नाही. हळूहळू त्याचे उत्पादनच थांबले. लंडनमध्ये खरे आणि हाँगकाँगमध्ये खोटे, असे का व्हावे? चाचण्या लहान होत्या, रुग्ण निराळे होते. या प्रश्नाचा निकाल लागलाच नाही. पैसे संपले की विज्ञानातले पुष्कळ प्रश्न असेच अर्धवट टाकले जातात.

काढ्याच्या नावलौकिकावर मात्र दुसऱ्यांनी दुकाने थाटली. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 1999 मध्ये रुग्णांकडून ‘चिनी वनौषधींची’ 11 मलमे गोळा करून प्रयोगशाळेत पाठवली. 8 मलमांत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड निघाले. स्टिरॉइडच्या भीतीने डॉक्टरला टाळून, लांब चालत जाऊन, स्वतःच्या खिशातून पैसे मोजून लोकांनी स्टिरॉइडच विकत घेतले होते, आणि तेही मुलांच्या तोंडाला लावले होते.

2000 साली नॉटिंगहॅमच्या मंडळींनी सरकारसाठी एक जाडजूड अहवाल तयार केला. इसबावरच्या उपचारांच्या जेवढ्या म्हणून नीट चाचण्या जगात झाल्या त्या सगळ्या शोधल्या : 272 चाचण्या, किमान 47 प्रकारचे उपचार. हा ढीग उपसल्यावर जे दिसले ते विल्यम्स यांना चिडवणारे होते. रुग्ण जे प्रश्न रोज विचारतात त्यांच्यावर जवळपास काहीच नव्हते. मलम दिवसातून एकदा लावावे की दोनदा? सौम्य मलम बरेच दिवस की जालीम मलम थोडे दिवस? अंघोळीच्या पाण्यात तेल टाकायचे का? औषध कंपन्यांना नवे मलम विकायचे असते, जुने कसे वापरावे याचे उत्तर शोधून त्यांना काय मिळणार?

हे काम मग सार्वजनिक पैशातून सुरू झाले. 2002 मध्ये पहिले उत्तर आले : सौम्य किंवा मध्यम इसब असलेल्या मुलांना 3 दिवस जालीम किंवा 7 दिवस सौम्य मलम, परिणाम सारखाच. पण मला सगळ्यात आवडते ती पाण्याची चाचणी.

नॉटिंगहॅमच्याच परिसरात 1998 मध्ये असे आढळले होते की जिथे नळाचे पाणी जड, क्षारयुक्त, तिथल्या प्राथमिक शाळांतल्या मुलांत इसब जास्त. पाणी मऊ करणारी यंत्रे विकणाऱ्यांना आणखी काय हवे होते? इसबवाल्या मुलांचे पालक शेकडो पौंड मोजून यंत्रे बसवत आणि बरेच जण गुण आल्याचे सांगत. किम थॉमस यांच्या पुढाकाराने जड पाण्याच्या भागातली 336 मुले निवडली गेली. चिठ्ठी टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी झाली : निम्म्यांच्या घरी 12 आठवडे यंत्र, बाकीच्यांचे नेहमीचे उपचार चालू. खोटे यंत्र बसवून फसवणे अवघड होते, कारण मऊ पाण्यात साबणाला फेस जास्त येतो आणि ते घरातल्या कोणालाही कळते. म्हणून झाकण्याचे काम दुसऱ्या टोकाला केले. मुलाची कातडी तपासणाऱ्या परिचारिकेला घरात यंत्र आहे की नाही हे ठाऊक नव्हते.

निकाल 2011 मध्ये आला. यंत्रवाल्या मुलांचे इसब 20 टक्क्यांनी उतरले. यंत्र नसलेल्यांचे 22 टक्क्यांनी.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. पहिला एकटाच छापला असता तर जाहिरात झाली असती, आणि ती खोटीही नसती. पालकांनी स्वतः भरलेल्या नोंदींत मात्र यंत्राच्या बाजूने थोडा कल होता. त्यांना यंत्र कोणाच्या घरी आहे ते माहीत होते. त्यांच्यावर हसू नये. रात्ररात्र जागणाऱ्या आईला एखादी गोष्ट लागू पडावी असे वाटणारच, आणि वाटणे नजरेत उतरतेच.

त्यानंतर एकेक करून बऱ्याच गोष्टी तराजूत घातल्या गेल्या. इसबासाठी खास शिवलेले रेशमी कपडे, 300 मुले, 6 महिने : उपयोग नाही. अंघोळीच्या पाण्यात ओतायचे तेल, ज्यावर ब्रिटिश आरोग्यसेवेचा वर्षाला सुमारे 2 कोटी 30 लाख पौंड खर्च होत होता : 482 मुले, वर्षभर, 2018 मध्ये निकाल, उपयोग नाही. अंगाला थेट चोळायच्या मलमाबद्दल ही चाचणी काही म्हणत नव्हती, फक्त टबात ओतून निचऱ्याच्या जाळीतून वाहून जाणाऱ्या तेलाबद्दल म्हणत होती.

याच काळात स्कॉटलंडमधून, डंडीहून, एक मोठी बातमी आली होती. अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने 2006 मध्ये दाखवले की फिलॅग्रिन नावाचे त्वचेचे आवरण घट्ट ठेवणारे प्रथिन ज्यांच्यात जन्मतः कमी बनते त्यांना इसबाचा धोका बराच जास्त असतो. युरोपात सुमारे 9 टक्के लोक असे जनुकीय बदल घेऊन फिरतात. म्हणजे इसब हे आतल्या बिघाडाइतकेच बाहेरच्या भिंतीच्या फटींचेही दुखणे. फटी जन्मापासूनच बुजवल्या तर? 124 बाळांवरच्या प्राथमिक चाचणीत 2014 मध्ये रोज मलम चोळल्याने इसब निम्म्यावर आलेले दिसले. आपल्याकडे तान्ह्या बाळाला तेल चोळणाऱ्या कोणाही आजीने यावर समाधानाने मान डोलावली असती. मग ब्रिटनमध्ये 1,394 नवजात बाळांवर मोठी चाचणी झाली, आणि ती 2020 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापली गेली. दोन वर्षांच्या वयात मलमवाल्यांत इसब 23 टक्के, बिनमलमवाल्यांत 25 टक्के. वर मलम चोळलेल्यांत त्वचेचे संसर्ग जरा जास्तच. सिद्धान्त सुंदर होता, जनुके खरी होती, लहान चाचणीचा कौलही होता, आणि तरी गाडी तिथेच थांबली.

वाचकाला वाटेल की या मंडळींना ‘नाही’ म्हणायचाच नाद होता. तसे नाही. 2016 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये डुपिलुमॅबच्या दोन जुळ्या चाचण्या आल्या, तीव्र आणि मध्यम इसबाच्या 671 आणि 708 प्रौढांवर. इंटरल्यूकिन-4 आणि 13 या दोन संदेशवाहकांचे दार एकाच वेळी बंद करणारे हे प्रतिपिंड दर दोन आठवड्यांनी टोचायचे. 16 आठवड्यांनी पहिल्या चाचणीत 38 टक्के आणि दुसरीत 36 टक्के रुग्णांची त्वचा निवळली किंवा जवळपास निवळली. हायड्रोकॉर्टिसोननंतर इसबाच्या वाट्याला एवढे काही आले नव्हते. डोळे येण्याचा त्रास काहींना झाला. किंमत हा त्याहून मोठा त्रास, आणि तो आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांसाठी दार बंदच ठेवतो.

त्याच तक्त्यात रिकाम्या इंजेक्शनवाल्यांचे आकडेही आहेत : 10 टक्के आणि 8 टक्के. औषधाचा थेंबही न मिळता दर दहा-बारा जणांतला एक निवळला. त्या माणसांना 1985 मध्ये कोणी पिवळ्या तेलाची बाटली दिली असती, तर ती आज शपथेवर तेलाचे गुण सांगत असती.

नवी इंजेक्शने, पाठोपाठ गोळ्या, असे सगळे येत असताना ब्रिस्टलच्या मंडळींनी पुन्हा सर्वांत साधा प्रश्न उचलला : रोज चोळायचे साधे मलम कोणते चांगले? पातळ लोशन, क्रीम, जेल की घट्ट तेलकट मलम? 550 मुले, चार गट, 2022 मध्ये निकाल. चौघांत फरक नाही. दवाखान्यांत आजवर डॉक्टर आपल्या आवडीचा प्रकार लिहून देत. संशोधकांनी सुचवले की चारही प्रकार मुलापुढे ठेवावेत आणि त्याला जे अंगाला लावून घ्यायला आवडेल तेच द्यावे.